सूर्य समोर, चेहरा सावलीत : थंडीच्या उन्हात फोटो काढताना

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे गाव नकाशावर लहानसे असले तरी महाराष्ट्राला ते नावाने ठाऊक आहे. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी याच गावी झाला. तेव्हा हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात होता. १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले. आज या गावाची आठवण काढण्याचे कारण मात्र निराळे आहे. डिसेंबर-जानेवारीत या डोंगराळ पट्ट्यातील सकाळ पाहण्यासारखी असते. भात कापून झालेले असते, खाचरांत वालाचे वेल पसरलेले असतात, पानापानावर दव असते, खालच्या अंगाला धुके साचलेले असते आणि पूर्वेच्या डोंगरामागून सूर्य वर येत असतो. अशा वेळी प्रत्येकाचा हात आपोआप खिशातल्या मोबाईलकडे जातो.

मुंबई, ठाणे, पनवेल येथे कामधंद्यानिमित्त राहणारी आपली माणसे थंडीत चार दिवस गावी जातात. अंगणात शेकोटीभोवती घर जमते. आजी पदर डोक्यावर घेऊन उन्हाला बसते. कोणीतरी म्हणते, थांबा, सूर्यासकट फोटो घेऊया. फोटो निघतो. परतीच्या एसटीत बसून पाहावा तर आकाश सुरेख आले आहे, डोंगर सुरेख आला आहे, आणि आजीचा चेहरा काळाठिक्कर! डोळे नाहीत, हसू नाही, सुरकुत्या नाहीत.

एवढ्यावरून काय बिघडले, असे कोणी म्हणेल. पण वाचकहो, आपल्या किती घरांत आजोबांचा धड एक तरी फोटो आहे? कोणाकडे गिरणीच्या ओळखपत्रावरचा बोटभर फोटो आहे, कोणाकडे लग्नाच्या घोळक्यातून कापून मोठा करून घेतलेला पुसट चेहरा आहे, आणि पुष्कळ घरांत तोही नाही. मागच्या पिढीला स्टुडिओची पायरी परवडली नाही. आज कॅमेरा घरोघरी आला आहे. तो हातात असूनही आपल्या वडीलधाऱ्यांचे चेहरे अंधारात राहावेत, ही गोष्ट मनाला लागण्यासारखी आहे. म्हणून सूर्य समोर असताना फोटो कसा काढावा, हे नीट समजून घेऊ.

थंडीचे ऊन वेगळे का?

पुष्कळांचा समज असा असतो की हिवाळ्यात सूर्य लांब जातो म्हणून थंडी पडते. वस्तुस्थिती उलटी आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते. अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. जुलैच्या आरंभी तेच अंतर सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर असते. म्हणजे थंडीत आपण सूर्याच्या पन्नास लाख किलोमीटर जवळ असतो! तरीही थंडी पडते, कारण पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. डिसेंबरात आपला उत्तर गोलार्ध सूर्यापासून पलीकडे कललेला असतो, ऊन तिरपे पडते आणि दिवस लहान होतो.

फोटो काढणाऱ्याला या तिरपेपणाचा फार उपयोग आहे. पेणच्या परिसरात मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र तो दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांपेक्षा वर चढत नाही. साहजिकच थंडीत दिवसभर सावल्या लांब राहतात. सूर्य उगवतोही बरोबर पूर्वेला नव्हे, तर आग्नेयेकडे सुमारे २५ अंश सरकून. गावात उन्हाळ्यात ज्या झाडामागून सूर्य वर येताना पाहिला, त्या झाडामागे तो डिसेंबरात सापडणार नाही.

आणखी एक गोष्ट. दिनदर्शिकेत सूर्योदयाची वेळ सात वाजून काही मिनिटे अशी छापलेली असते. जानेवारीच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य सर्वात उशिरा, सव्वासातच्या आसपास, उगवतो. पण ती वेळ मोकळ्या क्षितिजाची असते. डोंगराच्या कुशीतल्या गावात सूर्य डोंगर चढून यावा लागतो. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर मुठीची रुंदी आकाशात साधारण दहा अंश भरते. डोंगरमाथा क्षितिजापासून अर्धी मूठ वर दिसत असेल, तर छापील वेळेनंतर वीस-पंचवीस मिनिटांनी सूर्याचे तोंड दिसेल. तेवढ्या वेळात चहा घेऊन, लेन्स पुसून, माणसांना जागेवर उभे करता येते. एकदा का कड दिसली, की अख्खे बिंब वर यायला अडीच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. तयारी आधीच हवी.

क्षितिजाजवळच्या सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचताना, डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे अडतीस पट हवेतून येतो. वाटेत निळा प्रकाश विखरून जातो, तांबडा-पिवळा उरतो. म्हणून सकाळचे ऊन मऊ आणि हळदीच्या रंगाचे दिसते. सूर्य एक मूठ वर येईपर्यंत, म्हणजे पाऊण तासभर, हे ऊन फोटोसाठी सर्वात चांगले.

जुना नियम आणि त्याचे कारण

ज्यांनी अॅग्फा क्लिक थ्री हाताळला आहे त्यांना जुना नियम आठवत असेल : सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा. वडोदऱ्याला तयार होणारा हा साधा कॅमेरा एकेकाळी मध्यमवर्गाच्या घरात आणि जत्रेतल्या फोटोवाल्यांच्या गळ्यात असे. एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. त्यात उन्हासाठी आणि ढगाळ हवेसाठी अशा मोजक्याच खुणा होत्या. कॅमेऱ्याला फार काही जुळवून घेता येत नसे, म्हणून माणसांनीच उन्हाकडे तोंड करून उभे राहायचे. जुन्या फोटोंत सगळ्यांचे डोळे बारीक झालेले आणि कपाळाला आठ्या पडलेल्या दिसतात, त्या रागामुळे नव्हेत, समोरच्या उन्हामुळे!

पुढे हॉटशॉट आला, यशिका आला, छत्तीस फोटोंचे रोल आले. हाताने जुळणी करणाऱ्या फोटोवाल्यांचा एक हिशेब असे. १०० आयएसओची फिल्म असेल आणि कडक ऊन माणसाच्या तोंडावर पडत असेल, तर शटर सेकंदाच्या एकशे पंचविसाव्या भागावर आणि लेन्सचे तोंड ‘एफ १६’ वर ठेवायचे. सूर्य माणसाच्या पाठीमागे गेला, की तेच तोंड ‘एफ ८’ पर्यंत उघडायचे. लेन्सचे तोंड दोन घरे उघडले की आत चौपट प्रकाश येतो. म्हणजे सावलीतला चेहरा नीट उमटायला उन्हातल्या चेहऱ्याच्या चौपट प्रकाश द्यावा लागतो. आजच्या मोबाईललाही हाच हिशेब लागू आहे. फक्त तो त्याच्या पोटात चालतो.

कॅमेरा चुकतो कुठे?

माणसाचा डोळा फार हुशार आहे. तो आकाशाकडे पाहताना बाहुली लहान करतो, आजीकडे पाहताना मोठी करतो, आणि मेंदू दोन्ही चित्रे जुळवून घेतो. कॅमेऱ्याला एका क्षणी एकच मोजमाप घ्यावे लागते. तो समोरच्या सगळ्या देखाव्याची सरासरी काढतो आणि ती मधल्या राखाडी छटेवर आणून बसवतो. समोर झगझगीत सूर्य असला, की सरासरी फार वर जाते. कॅमेरा समजतो की प्रकाश जास्त झाला, आणि सगळेच चित्र गडद करतो. त्यात सावलीतला चेहरा बुडून जातो.

हे कळले की उपाय सोपा होतो. कॅमेऱ्याला सांगायचे, की तू आकाशाकडे लक्ष देऊ नकोस, या चेहऱ्याकडे दे.

मोबाईलवर हे असे करावे :

१. आधी लेन्स पुसा. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा मऊ तुकडा त्यासाठी उत्तम. बोटाचा तेलकट ठसा एरवी दिसत नाही, पण सूर्य समोर आला की साऱ्या फोटोवर पांढुरकी साय पसरते.

२. सूर्य उघडा ठेवू नका. माणसाच्या डोक्यामागे, झाडाच्या खोडामागे किंवा घराच्या कोपऱ्यामागे लपेल अशा बेताने एक-दोन पावले सरका. पानांमधून सूर्याचा ठिपका थोडासाच डोकावू दिला, तर त्याचे किरण सुरेख फुटतात.

३. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा. बहुतेक मोबाईलवर बाजूला सूर्याची लहान खूण येते. ती वर सरकवली की चित्र उजळते. चेहऱ्यावरचे भाव दिसू लागले की थांबा. आकाश थोडे पांढरे झाले तरी चालेल.

४. दुसऱ्या हाताचा पंजा लेन्सच्या वर छपरासारखा धरा. सूर्य चौकटीबाहेर असेल तेव्हा त्याचे किरण थेट काचेवर पडू देऊ नका. बोटे फोटोत येत नाहीत ना, तेवढे पाहा.

५. एचडीआर नावाची सोय असेल तर ती चालू ठेवा. त्यात मोबाईल लागोपाठ अनेक फोटो घेऊन उजळ आणि गडद भाग एकत्र जुळवतो. त्या वेळी हात आणि माणसे, दोन्ही स्थिर हवीत.

६. माणूस चार-पाच फुटांवर असेल तर भर उन्हातसुद्धा फ्लॅश लावून पाहा. लांबच्या माणसासाठी मोबाईलच्या फ्लॅशचा उपयोग नाही.

फ्लॅशपेक्षाही चांगला आणि फुकटचा उपाय म्हणजे पांढरे कापड. माणसाच्या समोर, फोटोच्या चौकटीबाहेर, कोणाला तरी पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तुकडा धरून उभे करा. मागचे ऊन त्यावर आपटून चेहऱ्यावर परत येते. चुन्याची भिंत समोर असेल तर तीच हे काम करते. आपल्याकडे मंगल परिणयात वधू पांढरी साडी नेसते आणि थंडी म्हणजे लग्नसराईचा काळ. मंडपाच्या दाराशी वधूला उभे केले आणि मागून ऊन आले, की साडीची कड चांदीसारखी चमकते. पण कॅमेरा त्या पांढऱ्या रंगाला भुलतो आणि मुलीचा चेहरा काळवंडतो. तेव्हा बोट साडीवर नव्हे, चेहऱ्यावर लावायचे. फोटोवाला ठरवताना हे त्यालाही आधी सांगून ठेवावे.

रंग सावळा, दोष यंत्राचा

इथे थोडे थांबून एक महत्त्वाची गोष्ट बोलली पाहिजे. फोटो काळा आला की आपल्या घरांत लगेच बोलले जाते, “तिचा रंगच तसा, फोटो येणार कसा?” मुली हे ऐकून फोटोसमोर यायला लाजतात. हा निखालस गैरसमज आहे.

रंगीत फिल्म आणि छपाईची मापे ठरवणाऱ्यांनी बराच काळ गोरी कातडीच प्रमाण मानली होती. अमेरिकेतील कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या स्त्रीचे नमुना-चित्र पाठवीत असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्या बाईचा रंग बरोबर आला की यंत्र बरोबर लागले, असे समजले जाई. सावळ्या आणि काळ्या माणसांच्या चेहऱ्यावरील बारकावे त्यात हरवून जात. या फिल्मबद्दल जोरदार तक्रार केली ती चॉकलेटच्या आणि लाकडी सामानाच्या जाहिराती करणाऱ्यांनी, कारण त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा नीट उमटत नव्हत्या! पुढे फिल्म सुधारली. मोबाईलच्या काळातही हा प्रश्न संपलेला नव्हता. गूगल कंपनीने २०२१ साली आपल्या फोनमध्ये सावळ्या वर्णाचे चेहरे खरे उमटावेत म्हणून वेगळी व्यवस्था केली, ती यामुळेच.

मागून ऊन असताना सावळा चेहरा बुडतो, तो सावळा आहे म्हणून नव्हे. त्याला द्यायला हवा तेवढा प्रकाश दिला नाही म्हणून. प्रकाश मिळाला की गालावरचा उजेड, डोळ्यांतले पाणी, हाताच्या शिरा सगळे दिसते. मात्र प्रकाश देणे आणि गोरे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाईलमधली ‘ब्युटी’ नावाची सोय चेहरा गुळगुळीत आणि फिक्कट करून टाकते. उन्हातान्हात राबलेल्या आईच्या चेहऱ्यावरच्या रेघा पुसून टाकल्या, तर फोटोत आई राहिली कुठे? ती सोय बंद ठेवावी.

कष्टकऱ्यांचे चेहरे कसे टिपावेत हे पाहायचे असेल, तर सुधारक ओलवे यांची कृष्णधवल छायाचित्रे पाहावीत. मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे त्यांनी वर्षानुवर्षे टिपले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत कोणालाही सुंदर करण्याचा खटाटोप नाही. कामगार जसा आहे तसा, पण पूर्ण दिसतो. आपल्या घरातल्या फोटोलाही हेच माप लावावे.

धुके, दव आणि धूर

आता सूर्य समोर ठेवण्याचा फायदा पाहू. पाठीमागून ऊन घेतले तर काही गोष्टी दिसतच नाहीत, त्या समोरून दिसतात. धुक्याचे थेंब आणि धुराचे कण आपल्यावर पडलेला बराचसा प्रकाश पुढच्या दिशेने फेकतात. म्हणून सूर्य आपल्या समोर असला, की धुके आतून पेटल्यासारखे उजळते, आणि पाठीशी असला की तेच धुके नुसते मळकट पांढरे वाटते.

थंडीच्या रात्री आकाश निरभ्र असते. जमीन आपली उष्णता सोडून गार होते, तिच्यालगतची हवा गार होऊन सखल भागात उतरते आणि ओलावा असेल तर तिथे धुके साचते. ऊन तापले की ते विरते. त्यामुळे धुक्याचा फोटो सूर्य वर आल्यावर पहिल्या तासाभरातच मिळतो.

इथे एक युक्ती लक्षात ठेवावी. दव, धूर, तोंडातून निघणारी वाफ, म्हाताऱ्या माणसाचे पांढरे केस हे सगळे चमकायला मागे काहीतरी गडद हवे. सूर्य चौकटीच्या जरा बाहेर ठेवा आणि मागे डोंगराची सावलीतली बाजू किंवा दाट झाडी येऊ द्या. मग वालाच्या पानावरचा एकेक थेंब मण्यासारखा उठून दिसतो. थेंबाच्या पातळीला येण्यासाठी गुडघ्यावर बसावे लागते. कपडे ओले होतात, पण फोटो मिळतो.

रायगडात या दिवसांत पोपटी होते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी किंवा कोंबडी भरून ते उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पोपटी बहुधा अंधार पडल्यावर लागते. पण दिवस मावळायच्या आधी अर्धा तास जाळ केला आणि धुरापलीकडे मावळता सूर्य ठेवला, तर धुरातून किरणांच्या पट्ट्या स्पष्ट दिसतात.

सिनेमातही हीच युक्ती आहे. गुरुदत्त यांच्या १९५९ सालच्या ‘कागज के फूल’ मध्ये स्टुडिओत उतरणारा प्रकाशाचा झोत गाजला. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी तो आरशांनी बाहेरचे ऊन आत वळवून आणला होता. पुढे मूर्तींना २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले छायालेखक. अंधारी जागा, हवेतले कण आणि एका बाजूने येणारे ऊन, एवढ्यावर तो झोत उभा राहिला. आपल्या गावच्या स्वयंपाकघरात चुलीच्या धुरात कौलाच्या काचेतून उतरणारा कवडसा त्याच जातीचा असतो.

चेहरा नको असेल तेव्हा

काही वेळा काळी छायाकृतीच हवी असते. डोक्यावर भारा घेऊन बांधावरून जाणारी बाई, उडवीवर पेंढा रचणारा गडी, सायकलवरून शाळेला निघालेली पोरे. इथे चेहऱ्याचे काम नसते, आकाराचे असते. मग बोट चेहऱ्याऐवजी उजळ आकाशाला लावायचे आणि सूर्याची खूण खाली सरकवायची. माणसे एकमेकांवर येऊ देऊ नका. हात, पाय, भारा यांमध्ये आकाश दिसू द्या, म्हणजे आकृती ओळखू येते.

लेण्यांतही हा प्रकार उपयोगी पडतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे तोंड पश्चिमेला आहे. दुपार कलल्यावर मोठ्या कमानदार गवाक्षातून ऊन आत येते. आतून दाराकडे पाहत फोटो घेतला, तर खांबांच्या रांगा आणि माणसे काळ्या आकृत्यांसारखी उमटतात. रायगडातील कुडे, गांधारपाले, ठाणाळे येथील लेण्यांतही आतून बाहेर पाहताना हेच घडते. कोरीव काम दाखवायचे असेल तर मात्र दाराकडे पाठ करून भिंतीचा फोटो घ्यावा.

थंडीत आपल्या घरांतून बाहेर पडण्याचे दिवसही पुष्कळ येतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलात, तर समोर पश्चिमेचा समुद्र आहे आणि सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. १९२७ सालच्या मनुस्मृती दहनाची आठवण म्हणून २५ डिसेंबरला महाडला आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावला कुटुंबेच्या कुटुंबे जातात. विजयस्तंभासारखी उंच वास्तू सूर्यासमोर धरली तर तिची रेषा ठसठशीत येते. पण शेजारी उभ्या मुलांचे चेहरे हवे असतील तर सूर्य स्तंभाच्या आड लपवून चेहऱ्यांना उजेड द्या. पंचशील ध्वज फडकत असेल तर तो आपण आणि सूर्य यांच्यामध्ये येऊ द्या. कापडातून ऊन आरपार येते आणि पाचही रंग दिव्यासारखे उजळतात. तोच ध्वज पाठीमागच्या उन्हात साधा दिसतो.

डोळे सांभाळा

सूर्याकडे टक लावून पाहू नये, हे लहानपणी सगळ्यांनाच सांगितलेले असते. कॅमेऱ्याच्या बाबतीत धोका आणखी वाढतो. ज्या कॅमेऱ्यात काचेच्या झरोक्याला डोळा लावून आरपार पाहतात, त्यात मोठी लेन्स सूर्याचा प्रकाश एकवटून डोळ्यात सोडते. भिंगाने कागद पेटतो, तसाच हा प्रकार. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा झाल्याचे नंतर उमगते. मोबाईलच्या पडद्यावर चित्र पाहण्यात डोळ्याला तो धोका नाही, पण नजर चुकून पडद्यावरून थेट सूर्याकडे जाते. सूर्य पुरता तापायच्या आत काम उरका आणि कॅमेरा सूर्याकडे रोखून ठेवून देऊ नका. त्याचे आतले भाग भाजू शकतात.

ग्रहणाच्या वेळी तर काटेकोर राहावे. २६ डिसेंबर २०१९ रोजी ऐन थंडीत सकाळी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले. मुंबईत ते आठनंतर सुरू होऊन अकराच्या आत संपले. अशा वेळी काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, साधा गॉगल यांपैकी काहीही चालत नाही. ग्रहणासाठी बनवलेला प्रमाणित चष्मा डोळ्यांवर आणि तसाच सौरगाळक लेन्सवर हवा. ग्रहण पाहिल्याने गर्भाला काही होते, अन्न बाटते, या समजुतींना आधार नाही. जपायचे ते डोळ्यांना. झाडाच्या पानांमधून जमिनीवर पडणारे कवडसे ग्रहणात चंद्रकोरीसारखे होतात. त्यांचा फोटो लहान मुलेही न घाबरता घेऊ शकतात.

खरी थंडी जिथे पडते तिथे

पारा पंधराच्या आसपास उतरला की कोकणात आपण कडाका म्हणतो. पण आपल्यापैकी अनेकांची मुले सैन्यात आहेत, लडाख-काश्मीरात बर्फात उभी आहेत. तिथून आलेल्या फोटोत बर्फ मळकट राखाडी दिसतो, कारण कॅमेऱ्याची सरासरी बर्फालाही राखाडी करून टाकते. सूर्याची खूण वर सरकवली तरच बर्फ पांढरा उमटतो. कडक थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि भरलेला मोबाईलही अचानक बंद पडतो. तो अंगालगतच्या खिशात ठेवावा, फोटोपुरताच बाहेर काढावा. गार झालेला कॅमेरा एकदम उबदार खोलीत आणला तर काचेवर आणि आतही दव धरते. तो बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मग आत आणावा आणि खोलीइतका उबदार झाल्यावरच पिशवी सोडावी. दव पिशवीवर धरते, कॅमेरा कोरडा राहतो. आपल्याकडे वातानुकूलित गाडीतून दमट हवेत उतरताना लेन्स धुरकटते ती याच कारणाने. अशा वेळी पाच मिनिटे थांबणे एवढाच उपाय.

फोटो काढला, पुढे काय?

मोबाईल हरवतो, बिघडतो, विकला जातो. त्यातले हजार फोटो त्याच्याबरोबर जातात. म्हणून प्रत्येक थंडीत घरातल्या वडीलधाऱ्यांचा निदान एक चांगला फोटो निवडून स्टुडिओतून कागदावर छापून घ्यावा. छापणाऱ्याला सांगावे की चेहरा गोरा करू नका, जसा आहे तसाच ठेवा. फोटोच्या मागे बॉलपेनने दाबून लिहू नये, अक्षरे पुढच्या बाजूला उठतात. चिठ्ठीवर लिहून ती अल्बममध्ये फोटोखाली लावावी. चिठ्ठीवर माणसाचे पूर्ण नाव, नाते, गाव आणि तारीख असावी. पन्नास वर्षांनी घरातले पोर तो फोटो हातात घेईल तेव्हा त्याला विचारावे लागू नये, की ही उन्हात बसलेली बाई कोण.